वृद्धाश्रम ठरवण्याआधी एकदा रात्री जाऊन या

माझ्या आत्याला ज्या वृद्धाश्रमात आम्ही पहिल्यांदा ठेवलं, तो ठरवताना आम्ही तिघा भावंडांनी बाग पाहिली, गणपतीचं छोटं देऊळ पाहिलं, आमटीची चव घेतली आणि ऑफिसातल्या बाई किती आपुलकीने बोलतात ते पाहिलं. न्हाणीघरात कुणी डोकावलं नाही. रात्री कामावर किती माणसं असतात, हे विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. अकराव्या आठवड्यात आत्याच्या माकडहाडावर तळव्याएवढी जखम दिसली. तीही मी तिचं लुगडं बदलायला हात लावला म्हणून. तिथल्या वहीत मात्र रोज 'पेशंट ठीक' असं लिहिलेलं होतं.

तिला दुसरीकडे हलवलं आणि तिची पुढची वर्षं बरी गेली. तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या घरांसाठी मी बरेच वृद्धाश्रम पालथे घातले. ज्यांच्यावर हा निर्णय पहिल्यांदाच आला आहे, त्यांच्यासाठी त्यातून शिकलेलं इथे क्रमाने लिहिते आहे.

पायरी 1: आधी आपल्या माणसाची गरज लिहून काढा

जागा बघायला निघण्यापूर्वी घरी बसून एक कागद भरा. स्वतःहून उठता येतं का? संडासला स्वतः जाता येतं का? रात्री किती वेळा उठावं लागतं? गिळताना ठसका लागतो का? गोळ्या स्वतः आठवणीने घेतात का? विसरभोळेपणा आहे, की घराबाहेर पडून वाट चुकण्यापर्यंत मजल गेली आहे? गेल्या वर्षभरात पडल्या किंवा पडले का, आणि कुठे?

कागद एवढ्यासाठी, की 'वृद्धाश्रम' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. एक म्हणजे निवृत्तांच्या वसाहती. तिथे घर विकत किंवा भाड्याने घ्यायचं, आणि जेवण, साफसफाई, डॉक्टर या सोयी वसाहतीने पुरवायच्या. अशा घरांसाठी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि 2024 मध्ये महारेरानेही, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानेही, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी बांधकामाच्या अटी ठरवून दिल्या. दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा, चालत्याफिरत्या माणसांचा वृद्धाश्रम. तिसरा अंथरुणाला खिळलेल्यांचं, स्मृतिभ्रंश झालेल्यांचं शुश्रूषा केंद्र.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्यात. कितीतरी वृद्धाश्रमांच्या प्रवेश अर्जात 'स्वतःची कामं स्वतः करू शकणारे' अशी अट बारीक अक्षरांत असते. खुब्याचं हाड मोडून माणूस झोपला, की महिनाभरात 'आता तुम्ही यांना घेऊन जा' असा फोन येतो. त्यांची चूक नसते, पण तोवर तुम्ही घर आवरलेलं असतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: 'आई झोपून राहिली तर तुम्ही ठेवाल का? किती दिवस? तेव्हा महिन्याला किती द्यावे लागतील?' उत्तर लेखी मागा.

आणि ज्यांना तिथे राहायचं आहे त्यांना यात घ्या. 'आठ दिवस हवापालट करून ये' असं सांगून नेऊन सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती महिनोन्महिने पिशवी भरून दाराशी बसतात. खरं सांगा, दोन-तीन जागा त्यांनाही दाखवा, आणि पंधरा दिवस राहून बघायची सोय मिळते का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळते.

पायरी 2: कागद तपासा, पण कागदाची मर्यादा ओळखून

पायाभूत कायदा आहे 2007 चा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम. महाराष्ट्राने त्याखाली 2010 मध्ये नियम केले. या कायद्याच्या कलम 19 नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांचा एक वृद्धाश्रम उभारू शकतं. 'उभारू शकतं' हे शब्द नीट वाचा, कारण ती सक्ती नाही. केंद्राच्या नमुना नियमांत अशा वृद्धाश्रमांसाठी किमान मानकं दिली आहेत: झोपण्याच्या खोलीत दर माणशी 7.5 चौरस मीटर जागा, आणि स्वयंपाकघर, जेवणघर, करमणुकीची खोली वगैरे धरून दर माणशी 12 चौरस मीटर. स्त्री-पुरुषांची सोय वेगळी, पुरेसं पाणी, अपंगांना वापरता येतील असे संडास, चाकाच्या खुर्चीसाठी उतार (रॅम्प) आणि कठडे, लागेल तिथे लिफ्ट, आजारी माणसासाठी वेगळी खोली.

ही मानकं मुळात सरकारी वृद्धाश्रमांसाठी आहेत. खासगी वृद्धाश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे आणि ठरलेली मानकं पाळलीच पाहिजेत, असं या केंद्रीय कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. ती उणीव भरून काढणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर होण्याआधीच 2024 मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली. त्यामुळे 'कुणीतरी सरकारी माणूस येऊन तपासत असेलच' या भरवशावर राहू नका. 7.5 चौरस मीटर म्हणजे साधारण 80 चौरस फूट. खोलीत शिरलात की पावलांनी लांबी-रुंदी मोजा आणि खाटांच्या संख्येने भागा. एवढं गणित केलं तरी खोलीत दाटीवाटीने खाटा घातल्या आहेत का ते लगेच कळतं.

जे कागद असायला हवेत ते असे. संस्था धर्मादाय असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब. स्वयंपाकघरासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना, जो भिंतीवर लावलेला असतो. लिफ्ट असेल तर तिचा परवाना. सलाईन लावणं, ऑक्सिजनवर ठेवणं, नळीने जेवण भरवणं असं सगळं तिथे होत असेल, तर महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी आहे का ते विचारा. 1949 च्या त्या कायद्यातल्या व्याख्येत आजारी माणसांबरोबर अशक्त, जर्जर माणसांची शुश्रूषाही येते. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद अग्निसुरक्षेचा. त्याबद्दल पुढे लिहिते.

कागद मागितल्यावर समोरची व्यक्ती फाईल काढून देते, की 'आमच्यावर विश्वास नाही का' म्हणते, हेही लक्षात ठेवा. चांगल्या संस्थांना हे प्रश्न आवडतात, असा माझा अनुभव आहे.

पायरी 3: न्हाणीघरापासून सुरुवात करा

ऑफिसात चहा पिण्याआधी 'बाथरूम कुठे आहे' असं विचारा आणि तिथल्या रहिवाशांचं न्हाणीघर वापरा, पाहुण्यांचं नको. म्हातारी माणसं पडतात ती बहुतेक खाटेपासून संडासापर्यंतच्या दहा पावलांत आणि ओल्या फरशीवर.

फरशी ओली असताना पाय घसरतो का? कमोडच्या दोन्ही बाजूंना आणि अंघोळीच्या जागी धरायला भिंतीत घट्ट बसवलेले दांडे आहेत का? त्यांना जोर लावून ओढून बघा. टॉवेल टांगायच्या सळ्या धरायच्या दांड्यांचं सोंग घेऊन बसलेल्या असतात, आणि भार पडला की निखळतात. दार बाहेर उघडतं की आत? आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगामुळे दार उघडत नाही. कडी बाहेरून उघडता येते का? उंबरठा आहे का? दार इतकं रुंद आहे का, की चाकाची खुर्ची आत जाईल? 90 सेंटिमीटर रुंदी असली की अडत नाही. संडासात बसल्या जागी हात पोचेल अशी घंटी किंवा दोरी आहे का? असेल तर वाजवा आणि घड्याळ बघा.

आपल्याकडे अंघोळ बादली-तांब्याची. गिझरचं कढत पाणी आधी बादलीत सोडून मग गार मिसळायची सवय धोक्याची असते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला चटका कळत नाही, कातडी सोलली गेल्यावर कळतं. अंघोळ घालणाऱ्या मावशींना सहज विचारा, 'आधी कुठलं पाणी घालता?' आधी गार, मग गरम, आणि शेवटी स्वतःचं कोपर बुडवून बघणं, हे त्यांनी न सांगता सांगितलं तर समजा कुणीतरी त्यांना शिकवलं आहे.

इमारतीत फिरताना चाकाच्या खुर्चीचा उतारही बघा. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. त्याहून उभा उतार चाकाच्या खुर्चीला आणि ती ढकलणाऱ्यालाही धोक्याची. खाटेवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. खाटेला कठडे दिसले की सुरक्षित वाटतं, पण बुद्धिभ्रम झालेली माणसं कठड्यावरून चढून उतरू पाहतात आणि जास्त उंचीवरून पडतात. अशांसाठी बुटकी खाट आणि शेजारी गादी बरी.

पायरी 4: आग लागली तर

1 जानेवारी 2023 च्या पहाटे दिल्लीतल्या ग्रेटर कैलास भागातल्या एका खासगी वृद्धनिवासात आग लागली आणि दोन वृद्ध महिला दगावल्या. चांगल्या वस्तीतली, पैसे मोजून घेतलेली जागा होती ती. झोपलेल्या, चालता न येणाऱ्या माणसांना धुरातून बाहेर काढायला वेळ लागतो, आणि पहाटे माणसं कमी असतात.

महाराष्ट्रात 2006 चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. 'शेवटचा फॉर्म बी दाखवाल का' एवढं विचारलंत, तरी तुम्ही माहितगार आहात हे समोरच्याला कळतं.

मग स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आपल्याकडे खिडक्यांना सरसकट लोखंडी जाळ्या असतात, आणि वाट चुकणारे रुग्ण बाहेर जाऊ नयेत म्हणून रात्री लोखंडी सरकत्या दाराला कुलूप लावतात. त्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते? मी एके ठिकाणी विचारलं, तेव्हा किल्ली 'सरांच्या घरी' होती. सरांचं घर दोन किलोमीटरवर. मी तिथूनच परत फिरले. किल्ली रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाच्या कमरेला हवी, शिवाय दाराजवळ काचेच्या पेटीत एक हवी.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. आजी-आजोबांच्या खोलीत कोपऱ्यात देव असतात, पुढे निरांजन, उदबत्ती. त्याच खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) असेल, तर हे एकत्र चालणार नाही. देव काढायला सांगू नका. दिवा बॅटरीवरचा ठेवायला सांगा. आत्याने सुरुवातीला नाक मुरडलं, मग स्वतःच शेजारणीला सांगू लागली.

चालता न येणारी माणसं तळमजल्यावर आहेत, की तिसऱ्या मजल्यावर? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का? आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते, म्हणून झोपलेल्यांची जागा खालीच असावी, असं माझं ठाम मत आहे.

पायरी 5: रात्री जा

हे मी सगळ्यात आग्रहाने सांगेन. दिवसा सकाळी अकराला गेलात तर सगळ्यांचे केस विंचरलेले असतात. एकदा संध्याकाळी साडेसहाला जा, म्हणजे जेवणाची वेळ दिसेल. एकदा रात्री साडेनऊ-दहाला जा. 'कामावरून सुटायला उशीर झाला, प्रवेश ठरवण्याआधी एकदा बघून जाते' असं नम्रपणे सांगा. पुरुषांच्या आणि बायकांच्या खोल्यांत त्या वेळी शिरू देणार नाहीत, ते बरोबरच आहे. पण दाराशी उभं राहूनही पुष्कळ कळतं.

किती माणसं जागी आहेत? रात्रपाळीला असलेल्यांपैकी कुणी प्रशिक्षित सिस्टर किंवा ब्रदर आहे, की फक्त एक मामा आणि एक मावशी? चाळीस माणसांमागे दोघंच असतील, तर अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देणं होणारच नाही. शय्याव्रण, ज्याला सगळे बेडसोअर म्हणतात, तो याच तासांत होतो: माकडहाडावर, टाचांवर, खुब्याच्या हाडावर. लालसर डाग बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही, ती त्याची सुरुवात. एअर बेड, म्हणजे हवा भरलेली गादी, असला तरी कूस बदलावीच लागते. 'रात्री एक आणि तीनला कोणत्या बाजूवर झोपवलं होतं याची नोंद दाखवा' असं विचारा. पूर्ण आठवड्याची नोंद एकाच पेनने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेली असली तर ती ओळखू येते.

झोपेच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट विचारा. रात्री माणसं कमी असली की 'शांत झोपावं' म्हणून गोळी देण्याचा मोह होतो. गुंगीतला माणूस सकाळी उठताना पडतो, घास त्याच्या श्वासनलिकेत जातो, आणि घरच्यांना वाटतं की वय झालं. डॉक्टरच्या लेखी चिठ्ठीशिवाय आणि घरी कळवल्याशिवाय अशी गोळी द्यायची नाही, हे करारात घालून घ्या. हात खाटेला बांधणं, चालता येत असताना सोय म्हणून डायपर लावून ठेवणं, हेही याच जातीचं. मनगटांवर व्रण किंवा कापडाच्या पट्ट्या दिसल्या, तर तिथे ठेवू नका.

कान उघडे ठेवा. 'आजी, पाय उचला बरं, मी धरलंय' असं कुणी म्हणतंय, की 'ए म्हातारे, हल ना' असं? पाहुण्यांसमोर सगळे नीट बोलतात, पण थकलेल्या रात्रपाळीला तेवढं भान राहत नाही. आणि त्या मावशींनाही विचारा, 'ड्युटी किती तासांची?' कामाला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलेल्या बाईला चोवीस तास एकाच जागी ठेवलं असेल, तर तिच्या हातून चूक होणारच. तिला दोष देण्याआधी तिला तसं राबवणाऱ्याला प्रश्न विचारा.

पायरी 6: औषधं, जेवण, संसर्ग

औषधांसाठी प्रत्येकाचा स्वतंत्र तक्ता हवा. गोळी दिली की लगेच सही, सगळ्यांना देऊन झाल्यावर एकदम नाही. इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत, दाराच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी नाही आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नाही. वापरलेल्या सुया जाड, न टोचणाऱ्या डब्यात टाकतात की साध्या कचऱ्यात, यावरून बाकीच्या शिस्तीचा अंदाज येतो.

जेवणात चवीइतकंच महत्त्व वेळेला आहे. कर्मचाऱ्यांना लवकर सुटता यावं म्हणून अनेक ठिकाणी संध्याकाळी साडेसहाला जेवण उरकतात, आणि पुढचा चहा सकाळी साडेसहाला. मधले बारा तास पोट रिकामं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पहाटे उतरते. तो घामाघूम होतो, बरळतो, पडतो. रात्री नऊला दूध, लाही, केळं, काहीतरी मिळतं का ते विचारा. एकादशी-चतुर्थीचे उपास करणाऱ्या मधुमेही आजींसाठी त्या दिवशी गोळ्यांचं काय करतात, हेही विचारा. 'आम्ही डॉक्टरांना विचारतो' हे चांगलं उत्तर.

कवळी नसलेल्यांना पोळी कशी देतात? आमटीत किंवा दुधात कुस्करून की तशीच? ठसका लागणाऱ्यांना झोपवून भरवत नाहीत ना? बसवून भरवावं आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसतं ठेवावं. वजन दर महिन्याला करून लिहितात का? एका महिन्यात वजन शेकडा पाचने उतरलं, म्हणजे 50 किलोच्या बाईचं अडीच किलो, तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. मला विचाराल तर वजनाची वही हा सगळ्यात प्रामाणिक कागद. तीत खोटं लिहिणं कुणाला सुचत नाही.

संसर्गाचं महत्त्व कोरोनाने दाखवलं. नोव्हेंबर 2021 मध्ये, साथ ओसरली असं वाटत असताना, भिवंडी तालुक्यात खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जण एकदम बाधित सापडले. एकत्र राहणाऱ्या वृद्धांत फ्लू, जुलाब, खरूज सगळंच असं पसरतं. कर्मचाऱ्यांना हात धुवायला प्रत्येक मजल्यावर साबण-पाणी आहे का, आजारी माणसाला वेगळं ठेवायला खोली आहे का, राहणाऱ्यांना दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टर सांगतील तशी न्यूमोनियाची लस देतात का, टॉवेल ज्याचा त्याचा आहे का, एवढं बघा.

तब्येत बिघडली तर कोणतं रुग्णालय, किती मिनिटांवर, आणि सोबत कोण जातं? 108 ची रुग्णवाहिका बोलावतात की त्यांची स्वतःची आहे? सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. ते कार्ड प्रवेशाआधीच काढून ठेवा.

पायरी 7: करार आणि पैसे

तोंडी काही ठरवू नका. करारात हे असू द्या: महिन्याचे पैसे आणि त्यात काय काय येतं, डायपर, औषधं, धुणं, खास बाई ठेवली तर तिचे पैसे वेगळे किती, दरवर्षी किती वाढ, डिपॉझिट किती दिवसांत परत, महिन्याच्या मधेच माणूस गेला किंवा हलवला तर हिशेब कसा. माणूस तिथेच वारला तर रात्री मृत्यूचा दाखला कोण डॉक्टर देईल, आणि तुम्ही पोचेपर्यंत देह कुठे ठेवतील, हेही विचारून घ्या. विचारताना जीभ अडखळते. पण पहाटे तीनला फोनवर हे ठरवण्यापेक्षा आत्ता विचारलेलं बरं.

'आजीवन सांभाळू, घर आमच्या संस्थेच्या नावे करा' असा प्रस्ताव आला तर वकिलाशिवाय सही करू नका. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असली तरच हात बळकट राहतो. दागिने, पासबुक, एटीएम कार्ड घरी ठेवा. अंगावर मंगळसूत्र, बांगड्या राहणारच असतील, तर फोटोसह यादी करून दोघांच्या सह्या घ्या. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला कोण करून देणार, तेही ठरवा. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

मुलं न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला असतील, तर गावातल्या एका माणसाचं नाव 'स्थानिक पालक' म्हणून लेखी द्या, ज्याला रात्री उठून जाता येईल. आणि हे ध्यानात ठेवा: वडिलांनी दिलेलं साधं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) त्यांची निर्णयक्षमता पूर्ण गेली की कायद्याने संपतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात दिसताच बँकेची खाती संयुक्त करणं, वारस नोंदवणं ही कामं उरका.

पायरी 8: पहिले तीन महिने

आम्ही चुकलो ते इथे. दर रविवारी अकराला जायचो. आमची वेळ सगळ्यांना पाठ होती. आता मी सांगते: वार आणि वेळ बदलत जा. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, मग दहा दिवसांतून एकदा. दर भेटीत एक काम स्वतःच्या हाताने करा, तेल लावून पाठ चोळा, पायात मोजे घाला, अंघोळीनंतर कपडे बदला. पाठ, टाचा, काखा, स्तनांखालची घडी दिसली पाहिजे. ओठ कोरडे आहेत का, कवळी आणि श्रवणयंत्र जागेवर आहे का, नखं कापली आहेत का? 'तू जेवलीस का' याला आई 'हो' म्हणेल. 'काल रात्री भाजी कुठली होती' हे विचारा, आणि तेच शेजारच्या आजीलाही विचारा.

सीसीटीव्हीच्या भरवशावर राहू नका. व्हरांड्यात, जेवणघरात तो असावा, न्हाणीघरात कधीही नसावा. मोबाइलवर चित्र दिसतं म्हणून जाणं कमी करणारी घरं मला भेटली आहेत. जखम त्या चित्रात दिसत नाही.

परतताना ताई-दादा म्हणून कर्मचाऱ्यांशी दोन शब्द बोला, त्यांची नावं लक्षात ठेवा, दिवाळीला त्यांनाही फराळ न्या. ज्या आजीकडे येणारं कुणी नाही, तिच्याही खाटेशी पाच मिनिटं बसा. तुमची नजर तिच्याही उपयोगी पडते.

काही बिघडलं तर

आधी तारीख घालून लेखी तक्रार, व्हॉट्सअॅपवर चालेल पण ईमेलही करा. जखमेचे फोटो तारखेसह काढा. उत्तर आलं नाही, तर ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8, फोनला पैसे पडत नाहीत. जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. संस्था धर्मादाय असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातही. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर थेट 112. मुलंच आई-वडिलांचा खर्च उचलत नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथे ज्येष्ठांना स्वतः अर्ज करता येतो.

हलवायची वेळ आली तर भांडण नंतर. आधी नवी जागा नक्की करा, मग औषधांचा तक्ता, वजनाची वही, तपासण्यांचे रिपोर्ट यांच्या प्रती हातात घ्या आणि निघताना त्यांच्यासमोरच सगळं अंग डोक्यापासून टाचांपर्यंत बघून लिहून काढा, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. नव्या ठिकाणी पोचल्यावर तोच कागद त्यांच्या सिस्टरच्या हातात द्या. आत्याला हलवलं त्या दिवशी नव्या वृद्धाश्रमातल्या सिस्टरने आधी ती जखम टेपने मोजली, लांबी, रुंदी, खोली लिहून घेतली आणि मग आम्हाला बसायला खुर्ची दिली.